युरोपचा ‘वायडनिंग’ निधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन निधी कार्यक्रमातल्या ‘वायडनिंग’ भागाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, निघालेल्यांचे आहेत. काही प्राग, वॉर्सा किंवा सोफियात आधीच पोचलेल्यांचे आहेत, ज्यांच्या गळ्यात आता प्रयोगशाळेच्या वतीने प्रस्ताव लिहायचे काम पडले आहे. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. अटी आणि रकमा २०२१ ते २०२७ या काळातल्या कॉलमधल्या (म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहीर आवाहनांमधल्या) आहेत. त्या कॉलगणिक थोड्याफार बदलतात, म्हणून अर्जाआधी त्या वर्षीचा मजकूर वाचावाच लागतो.

१. वायडनिंग म्हणजे नेमकं काय?

युरोपीय संघाचा संशोधन निधी स्पर्धेतून वाटला जातो. त्यामुळे तो जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स अशा आधीच भक्कम असलेल्या देशांकडे वाहत जातो. २००४ पासून संघात आलेल्या १३ देशांच्या वाट्याला होरायझन २०२० या मागच्या कार्यक्रमात एकूण निधीचे सुमारे ५ टक्केच आले. ही दरी कमी करण्यासाठी काही कॉल फक्त मागे राहिलेल्या देशांसाठी राखून ठेवले, तेच वायडनिंग. होरायझन युरोपच्या सुमारे ९५.५ अब्ज युरोंपैकी जवळपास ३ अब्ज यासाठी ठेवले होते. मागच्या कार्यक्रमात हा वाटा एक टक्क्याच्या आसपास होता.

याला आरक्षण म्हणावे का, असेही विचारले जाते. अर्धेच खरे आहे. अर्ज कोणी करायचा हे राखीव आहे, गुणांमध्ये सवलत नाही. सोफियाच्या प्रस्तावाची तुलना म्युनिकशी होत नाही, पण झाग्रेब, विल्नियस आणि लिस्बनशी होते, आणि तिथली चुरस काही कमी नसते.

२. कोणते देश यात मोडतात?

संघातले १५: बल्गेरिया, क्रोएशिया, सायप्रस, चेकिया, एस्टोनिया, ग्रीस, हंगेरी, लात्व्हिया, लिथुआनिया, माल्टा, पोलंड, पोर्तुगाल, रोमानिया, स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया. मागच्या यादीत लक्झेंबर्ग होता आणि ग्रीस नव्हता. या वेळी लक्झेंबर्ग गेला, ग्रीस आला. जुन्या सादरीकरणांतून यादी उतरवून घेणाऱ्यांची चूक इथेच होते.

संघाबाहेरचे पण कार्यक्रमाशी करारबद्ध असलेले काही देशही पात्र आहेत: सर्बिया, बोस्निया, अल्बानिया, माँटेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया, कोसोव्हो, तुर्की, युक्रेन, मोल्दोव्हा, जॉर्जिया, आर्मेनिया, ट्युनिशिया वगैरे. शिवाय दूरस्थ बेटे आणि प्रदेश आहेत, त्यांच्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

३. योजना इतक्या आहेत की गोंधळ होतो. थोडक्यात फरक सांगाल का?

पैसा कशावर जातो ते पाहिले की गोंधळ मिटतो.

टीमिंग म्हणजे संपूर्ण केंद्र उभारणे, किंवा जुन्या केंद्राचा कायापालट करणे. ८० लाख ते दीड कोटी युरो, सहा वर्षांपर्यंत. ट्विनिंग म्हणजे एका विषयात दोन किंवा अधिक बलाढ्य संस्थांकडून शिकणे. साधारण ८ ते १५ लाख युरो, तीन वर्षे. ईआरए (युरोपीय संशोधन क्षेत्र) चेअर म्हणजे एक नामांकित शास्त्रज्ञ आणून त्याच्याभोवती गट बांधणे. २५ लाख युरोपर्यंत, पाच वर्षे. एक्सलन्स हब म्हणजे किमान दोन वायडनिंग देशांतली विद्यापीठे, उद्योग, सरकारी यंत्रणा आणि नागरी संस्था यांची जोडणी. हॉप ऑन म्हणजे चालू प्रकल्पात मागाहून चढणे (प्रश्न १०). ईआरए फेलोशिप म्हणजे व्यक्तीला मिळणारी पोस्टडॉक (प्रश्न ११). यांशिवाय कॉस्ट आहे, त्याचे प्रश्न १७ मध्ये.

पहिल्यांदाच उतरणाऱ्या प्रयोगशाळेने ट्विनिंगपासून सुरुवात करावी. टीमिंगला थेट हात घालणाऱ्या संस्थेला आधी आपले सरकार सोबत घ्यावे लागते, आणि ते काम प्रस्ताव लिहिण्यापेक्षा अवघड आहे.

४. ट्विनिंगसाठी किमान किती भागीदार लागतात आणि नेतृत्व कोणाकडे असतं?

समन्वयक वायडनिंग देशातलाच हवा. त्याच्याखेरीज दोन वेगवेगळ्या सदस्य किंवा करारबद्ध देशांतल्या किमान दोन संस्था हव्यात. म्हणजे कमीत कमी तीन संस्था, तीन देश.

प्रस्ताव जर्मन भागीदाराच्या कार्यालयात लिहिला गेला आणि रोमानियन समन्वयकाने फक्त सही केली, हे परीक्षकांना दोन पानांत कळते. समन्वयकाची उणीव भागीदाराच्या चष्म्यातून मांडलेली असते आणि कामाच्या यादीत समन्वयकाची माणसे फक्त ‘सहभागी’ असतात. लगाम समन्वयकाच्या हातात दिसला पाहिजे.

५. ट्विनिंगमध्ये संशोधन करता येतं का, की नुसत्या बैठका?

करता येते, पण मर्यादेत. संशोधनाचा छोटा घटक ठेवता येतो आणि तो अनुदानाच्या ३० टक्क्यांपर्यंतच. बाकी पैसा देवाणघेवाण, प्रशिक्षण, उन्हाळी शाळा, तज्ज्ञांच्या भेटी यांवर खर्च करायचा असतो. समन्वयक संस्थेच्या संशोधन-व्यवस्थापन कर्मचाऱ्यांचे कौशल्य वाढवायचे कामही आराखड्यात हवे. हे बरेच जण शेवटच्या रात्री घुसडतात. हिशेब, करार आणि बौद्धिक संपदा सांभाळणारी दोन माणसे तयार झाली, तर पुढचे दहा प्रस्ताव त्यांच्या जोरावर जातात. ट्विनिंगमधून मागे उरणारी हीच सर्वांत टिकाऊ गोष्ट, असे आमचे मत.

६. आमचा ट्विनिंग प्रस्ताव १५ पैकी ११ गुणांवर अडकला. कुठे चुकतं?

उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणी असे तीन निकष, प्रत्येकी ५ गुण. प्रत्येकात किमान ३ आणि एकूण किमान १० लागतात. पण १० म्हणजे नुसते उत्तीर्ण. पैसे वरून खाली वाटत येतात आणि बहुतेक वेळा बरेच आधी संपतात.

गुण जातात ते मोघमपणामुळे. एक नमुना पाहा: ‘तरुण संशोधक भागीदार संस्थेला भेट देतील व अद्ययावत तंत्रे आत्मसात करतील.’ यात कोण, किती, काय आणि मग पुढे काय, यातले काहीच नाही. हेच असे लिहिता येते: ‘चार पीएचडी विद्यार्थी प्रत्येकी सहा आठवडे भागीदाराकडे राहून अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुने तयार करायला शिकतील. परतल्यावर तीन महिन्यांत ते आमच्या उपकरणासाठी कार्यपद्धती लिहून काढतील. भागीदाराचा तंत्रज्ञ एक आठवडा इथे येऊन ती तपासेल. पुढच्या वर्षी हेच चौघे इतर आठ जणांना शिकवतील.’ शब्द फारसे वाढले नाहीत, पण परीक्षकाला गुण द्यायला जागा मिळाली.

दुसरी नेहमीची चूक सुरुवातीची पातळी न सांगण्याची. ‘प्रकाशने वाढतील’ असे लिहिले, पण आज किती, कोणत्या दर्जाची, परदेशी सहलेखकांसोबत किती, हे नाही. मग वाढ मोजायची कशावरून?

तिसरी चूक बलस्थाने व उणिवांच्या तक्त्याची. ‘उणीव: अपुरा निधी’ ही उणीव नव्हे, ती साऱ्या जगाची तक्रार आहे. ‘आमच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटर आहे, पण माहितीचे सांख्यिकी विश्लेषण करणारा एकही पूर्णवेळ माणूस नाही’ ही उणीव. ती लिहिली की पुढचा सगळा आराखडा आपोआप तिच्याभोवती उभा राहतो.

चौथी चूक पानांची. मर्यादेबाहेरची पाने परीक्षकाला दिसतच नाहीत, आणि शेवटच्या पानांवर नेमकी अंमलबजावणी असते.

७. अप्रत्यक्ष खर्चाचं २५ टक्क्यांचं गणित कसं करायचं?

थेट खर्चावर सरसकट २५ टक्के मिळतात, पण उपकंत्राटाची रक्कम आधी वजा करायची. उदाहरणादाखल: मनुष्यबळ ५,००,००० युरो, प्रवास १,५०,०००, कार्यशाळा व साहित्य ९०,०००, उपकंत्राट ६०,०००. थेट खर्च ८,००,००० झाला. उपकंत्राट काढून ७,४०,००० उरले, त्याचे २५ टक्के १,८५,०००. एकूण ९,८५,०००. उपकंत्राट वजा करायला विसरलात तर बेरीज १०,००,००० येते, आणि ते १५,००० युरो पुढे करारापूर्वी कापले जातात.

मनुष्यबळाचा दिवसाचा दर म्हणजे वर्षाचा प्रत्यक्ष खर्च भागिले २१५. इथे वायडनिंग देशांची खरी कुचंबणा होते. समजा, समन्वयकाकडे संशोधकावर वर्षाला २१,५०० युरो खर्च होतो आणि भागीदाराकडे ८६,०००. एकाचा दिवस १०० युरोंचा, दुसऱ्याचा ४००. दोघांनी सारखे दिवस काम केले तरी तक्त्यात भागीदाराचा वाटा चौपट दिसतो आणि परीक्षक विचारतो, पैसा तर बाहेरच चालला आहे. यावर उपाय म्हणजे भागीदाराचे दिवस मोजकेच ठेवणे, आणि प्रवास, राहणे, कार्यशाळा यांचा खर्च समन्वयकाच्या खात्यात घेणे. दर फुगवायचा विचार करू नका.

८. एकरकमी अनुदान म्हणजे हिशेब ठेवायचाच नाही का?

अलीकडचे ट्विनिंग कॉल एकरकमी पद्धतीचे आहेत. त्यात युरोपीय आयोगाला बिले आणि कामाच्या तासांचे तक्ते द्यावे लागत नाहीत. पण प्रस्तावासोबत खर्चाचा तपशीलवार तक्ता द्यावा लागतो आणि रक्कम त्यावरून ठरते. शिवाय तुमच्या देशाचे व संस्थेचे हिशेबाचे कायदे लागू राहतातच.

खरा धोका वेगळाच आहे. पैसे पूर्ण झालेल्या कार्यगठ्ठ्यांवर (वर्क पॅकेज, म्हणजे प्रकल्पातल्या कामाचे ठरवलेले भाग) मिळतात. ३६ महिने चालणारा एकच ‘प्रशिक्षण’ गठ्ठा केला, तर मधल्या अहवालात तो पूर्ण झालेला नसतो आणि त्याचे पैसे शेवटपर्यंत अडकतात. असा गठ्ठा अहवालाच्या तारखांनुसार दोन भागांत तोडा. आणि ‘दोन लेख नामवंत नियतकालिकांत छापून येतील’ यावर गठ्ठ्याची पूर्तता टांगू नका. छापणे संपादकाच्या हातात असते. ‘पाठवले जातील’ असे म्हणा.

९. टीमिंगमध्ये इमारत आणि मोठी उपकरणं घेता येतात का? आणि ‘पूरक निधी’ हे काय प्रकरण आहे?

टीमिंगची गोम इथेच आहे. होरायझनचे अनुदान मुख्यतः माणसे, व्यवस्थापन आणि भागीदारांचे मार्गदर्शन यांसाठी असते. इमारत, प्रयोगशाळा आणि मोठी यंत्रे पूरक निधीतून यायची असतात, आणि पूरक निधी मागितलेल्या अनुदानाइतका तरी हवा. दीड कोटी मागितलेत तर आणखी दीड कोटी आपले सरकार, प्रादेशिक विकास निधी किंवा खासगी स्रोतांतून आणायचे. अर्ज दोन टप्प्यांत होतो, आणि दुसऱ्या टप्प्यात निधी देणाऱ्याचे लेखी वचन लागते.

वचन देणारे मंत्रालय असते, आणि मंत्री बदलतात. संघाचा खर्च तपासणाऱ्या युरोपीय लेखापरीक्षक न्यायालयाने २०२२ च्या १५ व्या विशेष अहवालात हेच दुखणे नोंदवले: पूरक निधी उशिरा आला, म्हणून केंद्रांची गाडी रखडली. माणसे नेमली गेली, पण ज्या प्रयोगशाळेत त्यांनी काम करायचे ती कागदावरच होती. दीर्घकाळ टिकणारा बदल मुख्यतः राष्ट्रीय सरकारांच्या हाती आहे, असाही त्या अहवालाचा सूर होता.

वचनपत्रात चार गोष्टी शब्दशः मागा: रक्कम, कोणत्या शीर्षकाखाली, कोणत्या वर्षी किती, आणि कोणत्या अटीवर. ‘शासन या प्रकल्पाला पाठिंबा देते’ असे पत्र भिंतीवर लावायला ठीक. प्रादेशिक निधीतून पैसा येणार असेल, तर सरकारी मदतीच्या नियमांचा सल्ला आधीच घ्या. २०२१ मध्ये त्या नियमांत टीमिंगसाठी खास सूट घातली गेली, पण तिच्या अटी पाळाव्या लागतात.

या साऱ्या कटकटीतून उभी राहिलेली केंद्रे आहेत. सर्बियात नोव्ही सादच्या बायोसेन्सने वाखेनिंगेनच्या साथीने डिजिटल शेतीचे केंद्र वाढवले. स्लोव्हाकियात ट्रेंचिनला काचेवर काम करणारे फनग्लास आहे. स्लोव्हेनियात इझोलाला लाकूड व नूतनीकरणक्षम सामग्रीचे इनोरिन्यू आहे. बल्गेरियात प्लोवदिवला वनस्पतिजीवशास्त्राचे केंद्र पॉट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेच्या साथीने उभे आहे. सायप्रस विद्यापीठाचे कीओस केंद्र लंडनच्या इंपीरियल कॉलेजसोबत वीज, पाणी, वाहतूक अशा यंत्रणांवर काम करते.

१०. हॉप ऑन म्हणजे चालत्या गाडीत चढणं. पण चढू कोण देतं?

उपमा योग्य आहे. होरायझन युरोपच्या दुसऱ्या स्तंभातला (जागतिक आव्हाने व उद्योग यांवरच्या संशोधनाचा भाग) किंवा इआयसी (युरोपीय नवोन्मेष परिषद) पाथफाइंडरचा एखादा प्रकल्प चालू असेल आणि त्यात एकही वायडनिंग देश नसेल, तर अशा देशातली एक संस्था मागाहून घेता येते. नव्या भागीदारासाठी साधारण २ ते ६ लाख युरो मिळतात. पण सध्याच्या सगळ्या भागीदारांची संमती लागते, आणि अर्ज मूळ समन्वयकानेच करायचा असतो.

मूळ संघाला यात स्वतःचे पैसे सोडावे लागत नाहीत, पण करारदुरुस्तीचा ताप होतो. म्हणून ‘आम्हाला घ्या’ असे पत्र पाठवून काही होत नाही. आयोगाच्या कॉर्डिस या जाहीर संग्रहात आपल्या विषयाचे प्रकल्प शोधा, भागीदारांचे देश तपासा, आणि किमान दोन वर्षे शिल्लक असलेले निवडा. मग त्यांच्या कामात नेमके काय कमी आहे ते एका पानात लिहून पाठवा. आधीच असलेल्या कामाची पुनरावृत्ती मान्य होत नाही, नवे कार्य हवे.

११. मी भारतीय आहे, पुण्यातून पीएचडी झाली आहे. ईआरए फेलोशिपसाठी अर्ज कुठे करायचा?

वेगळा अर्ज नाही. मेरी क्युरी या युरोपीय संघाच्याच पोस्टडॉक फेलोशिपच्या नेहमीच्या कॉलमध्ये, ज्याची मुदत साधारण सप्टेंबरात असते, वायडनिंग देशातली यजमान संस्था घेऊन अर्ज करायचा. राष्ट्रीयत्वाची अट नाही. तो अर्ज ७० टक्क्यांचा उंबरठा ओलांडूनही मुख्य यादीत बसला नाही, तर तोच अर्ज, तेच गुण घेऊन, ईआरए फेलोशिपच्या यादीत जातो. एका तिकिटात दोन सोडती म्हणा. ऑनलाइन फॉर्मच्या पहिल्या भागात याबद्दल विचारलेले असते. तुमच्या उत्तराने हा दुसरा दरवाजा उघडा राहतो ना, हे सबमिट करण्याआधी पाहा.

मुख्य अटी अशा: मुदतीपर्यंत पीएचडी झालेली असावी, पीएचडीनंतर संशोधनाचा अनुभव आठ वर्षांहून जास्त नसावा, आणि हालचालीचा नियम पाळलेला असावा (प्रश्न १२). मौखिक परीक्षा झाली पण विद्यापीठाची अधिसूचना अडकली आहे, अशा वेळी त्या वर्षीचा नियम वाचा आणि परीक्षेच्या तारखेचे अधिकृत पत्र हाताशी ठेवा. मुख्य वर्णनाला दहाच पाने असतात. मुदत ब्रुसेल्सच्या संध्याकाळी पाचची असते, म्हणजे सप्टेंबरात भारतात रात्री साडेआठ. हिवाळ्यातल्या कॉलना साडेनऊ.

१२. प्रागमध्ये पीएचडी केली. आता ब्रनोला फेलोशिप घेता येईल का?

बहुधा नाही. मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक राहणे किंवा मुख्य काम करणे चालत नाही. इथे मोजला जातो तो देश. शहर किंवा विद्यापीठ बदलले म्हणून फरक पडत नाही. चेकियातून पोलंडला किंवा स्लोव्हेनियाला जाता येईल. सुट्टीसाठीचे छोटे मुक्काम मोजत नाहीत. पासपोर्टवरचे शिक्के आणि राहण्याचे परवाने समोर ठेवून महिने मोजा, आठवणीवर विसंबू नका.

आठ वर्षांच्या मोजणीत एक बारकावा आहे. करिअरमधला खंड आणि संशोधनाबाहेरच्या नोकरीची वर्षे वजा होतात. युरोपबाहेर संशोधनात घालवलेली वर्षे वजा करण्याची सवलत मात्र युरोपात परतणाऱ्या तिथल्या नागरिकांना व दीर्घकालीन रहिवाशांना आहे. बेंगळुरूतल्या पोस्टडॉकची वर्षे भारतीय अर्जदाराला मोजावीच लागतात.

१३. जाहिरातीतली मासिक रक्कम पाहून डोळे विस्फारतात. हातात किती येतं?

जाहीर रक्कम म्हणजे संस्थेला मिळणारा एकूण मनुष्यबळ खर्च. तिला आधी देशाच्या समायोजन गुणकाने गुणतात. बल्गेरिया, रोमानियासारख्या स्वस्त देशांत तो बराच कमी असतो. मग त्यातून मालकाचा सामाजिक विम्याचा हिस्सा, तुमचा हिस्सा आणि प्राप्तिकर जातो. तरीही हातात येणारी रक्कम स्थानिक प्राध्यापकाच्या पगाराहून जास्त असू शकते. त्यातून विभागात कुजबुजही होते, याची तयारी ठेवा. होकार देण्याआधी संस्थेच्या मनुष्यबळ विभागाकडून करपूर्व आणि करोत्तर दोन्ही आकडे लेखी मागा.

१४. व्हिसा आणि कागदपत्रांचं काय?

संशोधकांसाठी २०१६ च्या युरोपीय निर्देशानुसार यजमान संस्थेशी ‘होस्टिंग करार’ करायचा असतो आणि त्यावर निवास परवाना मिळतो. पदवीची प्रमाणपत्रे परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल करून घ्या. काही देशांत पीएचडीला स्थानिक मान्यताही घ्यावी लागते आणि त्यात महिने जातात. निकाल लागण्याची वाट न पाहता हे सुरू करा.

बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आले. सायप्रस शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे निकोसियाच्या निवास परवान्यावर परिषदेसाठी बर्लिनला जाताना भारतीय पासपोर्टधारकाला वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. हे विमानतळावर कळू नये.

१५. स्पेन यादीत नाही, मग कॅनरी बेटांवरची संस्था अर्ज कशी करते?

दूरस्थ प्रदेशांना वेगळी मुभा आहे: कॅनरी बेटे, आझोर्स, मादेइरा, आणि फ्रान्सची ग्वादलूप, मार्तिनिक, रेयुनियाँ, मायोत, सेंट मार्टिन व फ्रेंच गयाना. तेनेरिफेतल्या ला लागुना इथली खगोलभौतिकी संस्था पात्र ठरते, कारण ती स्वतंत्र कायदेशीर संस्था आहे आणि तिथेच आहे. माद्रिदमध्ये नोंदणी असलेल्या संस्थेची फक्त प्रयोगशाळा बेटावर असेल, तर तेवढ्यावर पात्रता गृहीत धरू नका. करार कायदेशीर संस्थेशी होतो. आयोगाकडून आधी खुलासा मागवा.

१६. ब्रिटन, स्वित्झर्लंड, कॅनडा किंवा भारत यांतली संस्था भागीदार म्हणून चालेल का?

ब्रिटन २०२४ पासून आणि स्वित्झर्लंड २०२५ पासून करारबद्ध आहेत, दोन्ही चालतात. कॅनडा, न्यूझीलंड आणि दक्षिण कोरिया फक्त दुसऱ्या स्तंभापुरते जोडलेले आहेत. वायडनिंग त्या स्तंभात येत नाही, म्हणून ट्विनिंगच्या किमान संख्येत ते धरता येत नाहीत. (हॉप ऑनच्या मूळ प्रकल्पात मात्र कॅनडाची संस्था आधीच बसलेली असू शकते. नियमांची ही गंमत.)

भारत करारबद्ध नाही आणि आपोआप निधी मिळणाऱ्या देशांच्या यादीतही नाही. भारतीय संस्था सहयोगी भागीदार होऊ शकते: काम करील, पण युरोपकडून पैसे मिळणार नाहीत. व्यक्तीचे तसे नाही. ईआरए चेअरसाठीही कोणत्याही देशाचा शास्त्रज्ञ चालतो. अशा प्राध्यापकांनी एकच गोष्ट आधी ठरवून घ्यावी: माणसे नेमण्याचा आणि पैसा खर्चण्याचा अधिकार खरोखर कोणाकडे राहील? तो विभागप्रमुखाकडेच राहिला तर पाच वर्षे परवानग्या मागण्यात जातात.

१७. कॉस्ट आणि वायडनिंग एकच का?

नाही. १९७१ पासून चालू असलेले कॉस्ट जाळी विणायला पैसे देते, संशोधनाला नाही. एक कृती चार वर्षे चालते. बैठका, प्रशिक्षण शाळा आणि अल्पकालीन संशोधन भेटींचा खर्च मिळतो, पगार मिळत नाही. मागे राहिलेल्या देशांची त्यांची स्वतःची यादी आहे, ती प्रश्न २ मधल्या यादीशी हुबेहूब जुळत नाही. भारतातले संशोधकही सामील होऊ शकतात, पण बहुतेक वेळा स्वखर्चाने. ट्विनिंगचे भागीदार शोधायला याहून चांगली जागा नाही. चार वर्षे ज्यांच्यासोबत चहा घेतला, त्यांनाच पुढे पत्र लिहायचे.

१८. हंगेरीतल्या विद्यापीठाशी बोलणी चालू आहेत. काही अडचण?

असू शकते. सार्वजनिक हित न्यासांकडे सोपवलेल्या हंगेरियन विद्यापीठांशी नवे आर्थिक करार करू नयेत, असा निर्णय युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने डिसेंबर २०२२ मध्ये घेतला. अशी विद्यापीठे वीसहून अधिक आहेत. ती बिनपैशाची सहयोगी भागीदार होऊ शकतात, पण अनुदानित समन्वयक नाही. हा निर्णय सरसकट सगळ्या हंगेरियन संस्थांना लागू नव्हता, म्हणून संस्थेची मालकी पाहा. अशा उपायांचा आढावा होत राहतो, तेव्हा अर्जाच्या आठवड्यातली स्थिती तपासूनच संघ बांधा.

१९. लैंगिक समानता आराखडा नसेल तर?

सदस्य आणि करारबद्ध देशांतल्या सार्वजनिक संस्था, विद्यापीठे व संशोधन संस्था यांना तो सक्तीचा आहे. खासगी कंपन्यांना नाही. प्रस्तावावेळी घोषणा पुरते, पण करारावर सही होईपर्यंत आराखडा हवाच. चार गोष्टी लागतात: प्रमुखाच्या सहीने संकेतस्थळावर जाहीर केलेला दस्तऐवज, त्यासाठी नेमलेली माणसे व साधने, दरवर्षीची आकडेवारी, आणि प्रशिक्षण. एकाही भागीदाराचा राहिला तरी सही लांबते.

२०. प्रस्ताव लिहून देणारे सल्लागार घ्यावेत का?

प्रस्ताव लिहिण्याचा खर्च अनुदानातून मिळत नाही, हे आधी लक्षात घ्या. प्रत्येक देशात वायडनिंगसाठी राष्ट्रीय संपर्क व्यक्ती असतात, त्यांचा सल्ला फुकट मिळतो. मुदतीच्या सहा आठवडे आधी मसुदा दिला तर बरेच जण तो वाचूनही देतात. भारतातून शोध घेणाऱ्यांसाठी युरॅक्सेस इंडिया हे युरोपीय संघाचे संशोधकांसाठीचे माहिती जाळे आहे.

२१. निकाल केव्हा लागतो? नापास झालो तर?

मुदतीनंतर पाच महिन्यांत निकाल आणि आठ महिन्यांत करार, असा साधारण हिशेब असतो. मेरी क्युरीत ८५ टक्के किंवा अधिक मिळूनही पैसे मिळाले नाहीत, तर सील ऑफ एक्सलन्स, म्हणजे प्रस्तावाच्या दर्जाचे प्रमाणपत्र, मिळते. काही देश त्यावर स्वतःच्या निधीतून फेलोशिप देतात, म्हणून यजमान देशात अशी योजना आहे का ते विचारा. ट्विनिंगमध्ये परीक्षकांचा अहवाल येतो, त्यातली प्रत्येक ‘उणीव’ वेगळ्या कागदावर लिहून काढा. पुढच्या वेळी परीक्षक बदललेले असतात आणि जुना अहवाल त्यांच्यासमोर नसतो. म्हणून ‘मागच्या सूचनेनुसार सुधारले’ असे लिहिण्यात अर्थ नाही. थेट सुधारलेलेच द्या.

२२. २०२७ नंतर हे चालू राहणार का?

२०२८ ते २०३४ च्या कार्यक्रमाचा आराखडा आयोगाने जुलै २०२५ मध्ये मांडला. त्यात एकूण १७५ अब्ज युरो सुचवले आहेत, आणि मागे राहिलेल्या देशांत ‘वायडनिंग’ व ‘संक्रमणातले’ अशी दोन गटांत विभागणी सुचवली आहे. हा प्रस्ताव आहे, कायदा नव्हे. त्यामुळे जे पोर्तुगाल किंवा चेकियात टीमिंगचा विचार करत आहेत, त्यांनी आजचे नियम पुढेही तसेच राहतील असे धरून चालू नये.